देवाच्या घोड्याचे डोलणे

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनी ती मन लावून ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी करू नये. गावाचे नाव विचाराल, तर ते आता कोणालाच आठवत नाही. गावामागे एक टेकडी होती, टेकडीवर देवाचे देऊळ होते आणि देवळाच्या आवारात देवाच्या घोड्याचा तबेला होता, एवढे मात्र नक्की.

त्या देवाला घोडे आवडतात, असा गावाचा समज होता. म्हणून कोठे पंचकल्याणी शिंगरू, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेले शिंगरू जन्मले, की गावकरी ते वाजतगाजत आणून देवाला वाहत. वाहिलेल्या घोड्यावर माणसाने बसायचे नाही आणि त्याला कामाला जुंपायचे नाही, असा दंडक होता. दंडक चांगल्या हेतूने घातलेला होता. वाईट हेतूचे दंडक लवकर मोडतात. चांगल्या हेतूचे फार काळ टिकतात, म्हणून त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे लागते.

देवाच्या सेवेत तेव्हा एक गुरव होता. त्याची बायको वारली, त्याच वर्षी गावाने कल्याण नावाचे शिंगरू देवाला वाहिले. गुरवाने त्याला शेळीचे दूध पाजून वाढवले. शिंगरू त्याच्या मागे मागे देवळाच्या पायऱ्या चढे, नैवेद्याच्या ताटात तोंड घाले आणि ओरडा खाऊन पुन्हा त्याच्याच खांद्यावर मान ठेवी. मुलगा आणि सूनबाई हसत, पण गुरवाचे रिकामे झालेले दिवस त्या शिंगरामुळेच भरले होते.

पाहता पाहता कल्याण वयात आला. पायथ्याच्या वाटेने एखादी घोडी गेली, की तो खिंकाळे आणि मागच्या पायांवर उभा राही. गावचा पाटील म्हणाला, "देवाचा घोडा घोडीमागे उधळू लागला, तर शोभेल का? बाहेर दुसऱ्या घोड्याशी झुंजला आणि पाय मोडून बसला, तर देवाला काय सांगणार?"

गुरवालाही ते पटले. कुरणात काटे असतात, ओढ्यात निसरडे दगड असतात आणि रानात लांडगे असतात. कल्याणला काही होऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती. मग तबेल्याच्या दाराला अडणा, म्हणजे आडवा लोखंडी दांडा, बसला. आत मऊ गवताचे अंथरूण होते, भिजवलेले हरभरे होते, रोजचा खरारा होता. कल्याणला तेथे उभे राहता येई, बसता येई, वळताही येई. चालता मात्र येत नसे. वर्षातून एकदा, उत्सवात पालखीपुढे, तो देवळाला एक फेरी घालून परत आत जाई.

एके दिवशी सकाळी गुरव तबेल्यात गेला, तेव्हा कल्याण डोलत होता. पुढचे पाय फाकवून आणि मान खाली घालून तो अंगाचा भार डाव्या पायावरून उजव्यावर आणि उजव्यावरून डाव्यावर टाकत होता. देवळात आरती चालली होती. दर्शनाला आलेल्या एका म्हातारीने दारातून डोकावून पाहिले आणि हात जोडले.

"गुरवा, अरे देव बसलाय त्याच्या पाठीवर. आरतीला कसा डोलतोय बघ."

थोड्या वेळाने गुरव म्हणाला, "आजी, आरती संपली. हा अजून डोलतोच आहे."

"मग देव अजून उतरला नसेल," म्हातारी म्हणाली.

डोलणे हा शब्द मोठा फसवा आहे. पीक वाऱ्यावर डोलते, माणूस गाण्यात डोलतो, नाग पुंगीपुढे डोलतो. म्हणून डोलणारा प्रत्येक जण सुखात आहे, असे आपण धरून चालतो. नागाला मात्र कोणी विचारलेले नाही.

डोलणाऱ्या घोड्याची कीर्ती पसरली. परगावची माणसे त्याला पाहायला येऊ लागली आणि गुरवाची मान ताठ झाली. पुढे कल्याण गव्हाणीचे लाकूड कुरतडू लागला, तेव्हा नैवेद्य कमी पडतो असे ठरले आणि हरभऱ्यात गूळ वाढला. तो भिंतीला लाथा मारू लागला, तेव्हा देव रुसला असे ठरले आणि नारळ फुटले. प्रत्येक खुणेचा काही ना काही अर्थ गावाला सापडला. घोड्याच्या बाजूचा अर्थ मात्र कोणी शोधला नाही.

गुरव त्याच्याशी घरच्या माणसासारखा बोले. "काल सूनबाईनं आमटीत दोनदा मीठ घातलं," तो खरारा करता करता सांगे, "तू कुणाला सांगू नकोस." पूर्वी अशा वेळी कल्याण कान टवकारी. आता तो कान मागे पाडी. एकदा तर त्याने वळून गुरवाच्या दंडाला कडकडून चावा घेतला. गुरवाने बाराबंदीची बाही खाली ओढली आणि तो घरी आला.

"मामंजी, हाताला काय झालं?" सूनबाईने विचारले.

"खिळा लागला."

"हल्ली खिळ्यांना दात येतात वाटतं," सूनबाई म्हणाली आणि हळद तापवायला गेली.

ही सूनबाई बोलायला तिखट आणि मनाने मऊ होती. पुढे गुरव देवळाच्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला, तेव्हा तिने त्याची आईच्या मायेने सेवा केली. हाडवैद्याने बांबूच्या कांबी बांधल्या, यथाकाल सोडल्या आणि सांगितले, "हाड जुळलं. आता चालायला लागा." गुरव काठी शोधू लागला, तेव्हा सूनबाईने ती आधीच लपवून ठेवलेली होती.

"मामंजी, हाडवैद्याला सांगायला काय जातं? पुन्हा पडलात, तर हाल तुमचेच. आत बसा. काय हवं ते मागा."

"अंगणात जाऊ दे."

"ते सोडून मागा."

गुरव आतल्या खोलीत राहिला. वेळेवर ऊन ऊन जेवण येई, पाय शेकायला कढत पाणी येई, पाठीला उशी येई. पहिले काही दिवस त्याला बरे वाटले. नंतर तो बसल्या बसल्या भिंतीचा गिलावा नखाने टोकरू लागला आणि तेथे वाटीएवढा खळगा पडला. एके दिवशी भात थोडा गार होता, एवढ्यावरून त्याने ताट भिरकावले. सूनबाईने भात गोळा केला. गुरव स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. जन्मात त्याने अन्नाचा असा अपमान केला नव्हता.

एका दुपारी शेजारच्या दोघी बायका समाचाराला आल्या. त्या दारातच थबकल्या.

"तुमचे मामंजी नामस्मरणात अगदी रंगून गेलेत हो," एक जण हलक्या आवाजात म्हणाली. "कसे डोलताहेत बघा."

"दिवसभर चालू असतं त्यांचं," सूनबाई अभिमानाने म्हणाली.

गुरव डोलायचा थांबला. आपण डोलत होतो, हे त्याला तेव्हाच कळले. त्याच्या ओठांवर नाम नव्हते; मनातही नव्हते. अंगाला कोठेतरी जायचे होते आणि जायला जागा नव्हती, म्हणून ते बसल्या जागी हलत होते. त्याच्या डोळ्यांपुढे पाय फाकवून उभा असलेला कल्याण आला.

तेवढ्यात त्याचा मुलगा धावत आला. "बाबा, कल्याणनं पाटलाच्या खांद्याचा लचका तोडला. स्वतःची कूसही चावून चावून फोडलीय. पाटील म्हणतात, चारी पाय दोरांनी जखडायचे आणि खिडकीही बुजवायची. लोहार कड्या ठोकायला आलाय."

"काठी दे," गुरव म्हणाला.

सूनबाई दारात आडवी झाली. "मामंजी, मी तुम्हांला जाऊ देणार नाही."

"पोरी, मी नाम घेत नव्हतो."

"मग काय करत होता?"

"चालत होतो."

सूनबाईने त्याच्याकडे पाहिले. मग भिंतीतल्या खळग्याकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला. तिने माळ्यावरून काठी काढून दिली आणि त्याला दुसरा आधार आपल्या खांद्याचा दिला.

तबेल्यापाशी गर्दी जमली होती. पाटील खांद्यावर पोटीस बांधून उभा होता. आत कल्याण डोलत होता आणि त्याच्या कुशीवरून रक्त ओघळत होते.

"कड्या ठोकू नका," गुरव म्हणाला. "अडणा काढा."

"गुरवबुवा, देवाचा घोडा आहे तो. पळाला तर?"

"पाय कशाला दिलेत त्याला?"

"माझा खांदा बघा आधी."

"माझा दंडही बघा. मी तेव्हाच बोललो असतो, तर तुमचा खांदा वाचला असता. पाटील, हा घोडा दुष्ट नाही आणि समाधीतही नाही. कोंडून कोंडून हा बिघडलाय. इतके दिवस कोंडून बसलो, म्हणून मला कळलं. मला निदान ताट फेकता येत होतं."

आरतीच्या वेळी डोलणाऱ्या कल्याणला हात जोडणारी ती म्हातारी गर्दीतून पुढे आली. "अरे, पण बाहेर नेल्यावर याचं डोलणं थांबलं, तर? देव उतरून जाईल ना."

"आजी, घोड्यावर कशाला बसतात?"

"कुठंतरी जायला."

"मग देव काय जागच्या जागी डोलायला बसेल? आपण त्याला घोडा वाहिला आणि वर दाराला अडणा लावला."

म्हातारीने तोंडाला पदर लावला. शेवटी पाटील म्हणाला, "बुवा, कांबी तुमच्या पायाला होत्या, अक्कल आमची बांधलेली होती. काढा अडणा. पण कुणाला इजा झाली, तर दार पुन्हा बंद."

अडणा निघाला, आणि कल्याण बाहेर आलाच नाही. उघड्या दारात तो डोलत उभा राहिला. बाहेरचे ऊन पाहून त्याचे पाय थरथरत होते. गुरवाने त्याला ओढले नाही. लगाम सैल धरून तो शेजारी उभा राहिला आणि आमटीतल्या मिठाची, हाडवैद्याची, शेजारणींची हकीकत सांगत राहिला. सावल्या लांबल्या, तेव्हा कल्याणने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

त्यानंतर दोघे एकमेकांच्या सोबतीने चालायला शिकले. एक लंगडत होता आणि दुसरा अडखळत होता. प्रथम आवार, मग वाट, मग टेकडीमागचे देवाचे कुरण. कुरणाला दगडी गडगा होता. पाटलाने नाखुशीने का होईना, आपली म्हातारी घोडी सोबतीला दिली. इतक्या वर्षांनी आपल्या जातीचे कोणी पाहून कल्याण खिंकाळत तिच्या अंगावर धावला. घोडीने शांतपणे वळून त्याच्या छातीवर एक लाथ दिली.

"बरं झालं," सूनबाई गडग्यावरून म्हणाली. "कुणीतरी त्याला रीत शिकवायलाच हवी होती."

कल्याण रीत शिकला. आधी तो दुरून चरे, मग जवळून, आणि पुढे दोघे एकमेकांची आयाळ दातांनी खाजवत उभे राहू लागले. त्याची कूस भरली, पायांची सूज उतरली, गव्हाण शाबूत राहू लागली. पाटलाला दार पुन्हा बंद करण्याचे कारण मिळाले नाही. मात्र वर्षांचे कोंडणे महिन्यांत पुसले जात नाही. पावसाची झड लागून तो सलग आत राहिला, की त्याचे पाय पुन्हा डोलू लागत. मग गुरव डोक्यावर इरले घेई, त्याला बाहेर काढी आणि दोघे भिजत हिंडून येत.

उत्सवात कल्याण पालखीपुढे सरळ, ऐटीत चालू लागला. डोलणारा घोडा पाहायला आलेली परगावची माणसे जरा हिरमुसली. गुरव त्यांना पाणी देई, गूळ देई आणि कुरणाची वाट दाखवी.

पुढे गावाने जुन्या दंडकाला नवा दंडक जोडला: ज्याला देवाला घोडा वाहायचा असेल, त्याने आधी कुरण वाहावे आणि घोड्याला सोबत द्यावी. तबेल्याच्या दाराचा अडणा लोहाराने वितळवून टाकला. त्याच लोखंडाचे नाल झाले आणि ते झिजेपर्यंत कल्याण चालला.

तात्पर्य एवढेच, की ज्याला आपण जपतो, त्याला चालायला जागा ठेवली नाही, तर जपणे आणि कोंडणे यांत काहीच अंतर उरत नाही.