सर्जेरावांचे विलायती पिकअप

मिरजेत सर्जेरावांचा ऑर्केस्ट्रा होता. गिटारवाल्या मार्तंडच्या तारांखाली त्यांनी आपले दोन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडून स्पीकरला पोचवणारे भाग, बसवून दिले होते. मार्तंडला टाळ्या पडल्या की ते चारचौघांत म्हणायचे, "हा काय वाजवतो? सूर माझ्या विलायती पिकअपचा!" मार्तंडची बायको रेवती ते गिळायची.

मार्तंड गेला. तेराव्यालाच सर्जेराव पिकअप न्यायला दारात हजर. रेवतीने तारा उतरवल्या, वायरी सोडवल्या आणि तारांखालचे दोन्ही पिकअप त्यांच्या हातावर ठेवले.

आठवड्याने ते तणतणत आले. "वहिनी, पिकअप बदललेत तुम्ही! माझ्या गिटारला बसवले, पण मार्तंडचा सूर येत नाही."

"सूर पिकअपचा होता ना, भाऊजी? मग आज मार्तंडचा कसा झाला?" रेवती म्हणाली. "ह्यांची बोटं कृष्णाकाठी जळाली, तेव्हा तुम्ही तिथंच होता."