तळवाईचा डावा प्रसाद

पिंपरवेळीच्या तळवाईच्या देवळात प्रसादासाठी उजवा हात पुढे केलात, तर गुरव हसून थांबतो. "पाहुणे, डावा," म्हणतो. नवखा माणूस बुचकळ्यात पडला की पायरीवर बसलेले म्हातारे धोंडीबा खामकर त्याला देवीपुढची पितळी पेटी दाखवतात. "लांबून बघा. बोटं परत मिळत नाहीत," एवढं बजावून मगच गोष्ट सांगतात.

समोरच्या तळ्याच्या बांधाला पाणी सोडायचा दरवाजा आहे. त्याची चावी पूर्वीपासून या पेटीत असे. शत्रूने तळं रिकामं करू नये म्हणून एका तांबटाने ही पेटी घडवली म्हणे. पेटीवर वाघाचं तोंड. त्यात बोट घालून आतली कडी फिरवायची. चुकलं की पातं खाली येई. दरवर्षी तांबट एकटाच आत जाऊन पेटी उघडत असे. तो साथीत गेला आणि युक्ती त्याच्याबरोबर गेली.

त्याच वर्षी तळं काठोकाठ भरलं. बांध पाझरू लागला आणि खालच्या गावाचं काही खरं दिसेना. पेटी फोडावी तर आतली चावी वाकण्याची भीती. पाटलाने देवीचं नाव घेऊन उजवं बोट घातलं, ते गेलं. मग गुरवाचं गेलं. देवीच्या वस्तूला डावा हात लावणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिसऱ्या बोटासाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात नाव निघालं लखू बुरुडाचं.

लखूची बायको चिमा डावखुरी. त्या हातामुळे तिने जन्मभर बोलणी खाल्ली होती. तिच्या टोपल्यांची वीण उलटी पडे, म्हणून देवळात त्या घेतसुद्धा नसत. पण नवऱ्याची बोटं गेली तर घरची चूल विझणार, हे तिला कळत होतं. ती पेटीपाशी जाऊन बसली. वाघाच्या एकाच गालावर पितळ झिजून चकाकत होतं. बोट वाघाच्या तोंडाशी धरलं की तिथे तिचा उजवा अंगठा काही केल्या पोचेना. डावा अलगद टेकला, टोपली विणताना टेकतो तसा.

"हा तांबट माझ्यासारखाच होता," ती म्हणाली.

"देवीच्या पेटीला डावा हात? विटाळ होईल," गुरव कळवळत म्हणाला.

"उजव्या हातांनी दोन बोटं दिलीत, गुरवकाका. आता माझं मागायचं तर मागू दे तिला."

तिने डावं बोट आत घातलं आणि आपली नेहमीची उलटी वीण फिरवावी तशी कडी फिरवली. पातं हललं नाही. वाघाचा जबडा उघडला आणि चावी तिच्या तळहातावर पडली. दरवाजा उघडला, पाणी गर्जत ओढ्याला लागलं, बांध टिकला. गावाने चिमाला वाजतगाजत देवळात आणलं. तिने सवयीने उजवा हात पुढे केला, तेव्हा बोटाला चिंधी बांधलेल्या गुरवाने तो बाजूला सारला आणि प्रसाद डाव्या हातावर ठेवला, असं सांगतात.

आजही पेटी उघडायचा मान बुरुडांच्या घरचा आहे. देवीचा नैवेद्य उलट्या विणीच्या टोपलीतच येतो. आणि पिंपरवेळीत एखादं लेकरू डाव्या हाताने घास उचलू लागलं, तर कुणी त्याच्या हातावर मारत नाही. आई त्याला कडेवर घेते आणि आधी तळवाईला दाखवून आणते.