माफीची दवंडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळची, की मोठ्या नदीवर पूल बांधता येतो हे अजून कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. एका राज्यात एक डोंगराळ सुभा होता आणि त्याचा कारभार एक सुभेदार पाहत असे.

सुभेदार मनाचा मोठा होता. त्या राज्यात शिक्षा तुरुंगात संपत नसे. एकदा गुन्हा शाबीत झाला, की त्या माणसाला जन्मभर साक्ष देता येत नसे आणि आपला जुना धंदाही करता येत नसे. हे बंधन फक्त सुभेदाराच्या माफीनं सुटे. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुभेदार कचेरीत बसे, एकेकाची कैफियत ऐके, माफीच्या कागदावर शिक्का उठवे आणि तो कागद स्वतःच्या हातानं समोरच्याच्या ओंजळीत ठेवी. त्या दिवशी तो घरी जाऊन दोन घास जास्तच जेवत असे.

एका दसऱ्याला येसबा नावाचा माणूस कचेरीत आला. येसबा जन्मानं नावाडी. तेविसाव्या वर्षी त्याच्या अंगात रग होती. नदीला पूर आलेला, सगळे नको नको म्हणत असताना पठ्ठ्यानं पैजेपायी नाव पाण्यात घातली. नाव उलटली. बारा पोती धान्य वाहून गेलं आणि नावेतल्या एका विणकराचा पाय खडकात सापडून कायमचा अधू झाला. चूक येसबाचीच होती आणि त्यानं ती कधी नाकारली नाही. तीन वर्षं त्यानं किल्ल्यावर दगड फोडले. सुटून आला तेव्हा वल्ह्याला हात लावायची बंदी होती. मग तो घाटावर बसून दुसऱ्यांच्या नावांसाठी अंबाडीचे दोर वळू लागला. बघता बघता वीस वर्षं गेली.

आता घाटावरचा म्हातारा नावाडी थकला होता. गावच्या पाटलांनी येसबासाठी अर्ज लिहिला आणि खाली अंगठा कोणी उठवावा? त्या विणकरानंच.

"माझा एक पाय गेला, ह्याची वीस वर्षं गेली," विणकर लंगडत कचेरीत येऊन म्हणाला. "आता पुरे करा, सरकार."

सुभेदाराचे डोळे पाणावले. त्यानं तिथल्या तिथे माफी लिहून दिली. येसबानं तो कागद मेणकापडात गुंडाळला, कमरेला बांधला आणि तो घरी आला तो जवळजवळ पळतच.

दुसऱ्या दिवशी त्यानं घाटावरची नाव धुतली, डांबर लावलं, पाण्यात सोडली आणि वल्हं धरून उभा राहिला.

कोणी बसेना.

पलीकडच्या गावांतली माणसं घाटावर येत, येसबाला ओळखत आणि मागे फिरत. पाच कोस वर उतार होता, तिथं गुडघाभर पाण्यातून ती जात. येसबा ओरडून सांगे, "अहो, मला माफी झालीय! हा बघा कागद!" कागद वाचता येणारा दहांत एखादाच. तो वाचे, मान डोलावे आणि तोही उताराच्या वाटेला लागे. "कागद काय, कोणीही करून आणतो," असं एक जण म्हणाला. दुसरा त्याच्याही पुढचा निघाला. तो म्हणाला, "ज्याला रोज कागद दाखवावा लागतो, त्याच्यात काहीतरी खोट असणारच." येसबाच्या स्वतःच्या गावातले लोक तोंडावर गोड बोलत, पण पलीकडचे बसत नाहीत तर आपणच का जीव धोक्यात घालावा, असं म्हणून तेही टाळत. गंमत बघा, ज्याचा पाय गेला त्यानं मन मोकळं केलं आणि ज्यांचं काडीचंही गेलं नव्हतं ते मात्र अडून बसले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगाही झाला. शेवटी पाटील घाटावर आले.

"येसबा, मला वाईट वाटतं रे," ते म्हणाले. "पण लोकांचे हाल होताहेत. पाडव्यापर्यंत थांबतो. तोवर तुझ्या नावेत कोणी बसलं तर घाट तुझा. नाहीतर मला दुसरा नावाडी बघावा लागेल."

येसबानं त्या दिवशी भाकरी तशीच ठेवली. वीस वर्षं त्यानं ह्याच एका गोष्टीची वाट पाहिली होती. ती हातात आली आणि हातातून निसटत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो सुभ्याच्या गावी निघाला. कचेरीत जाऊन त्यानं मेणकापड सोडलं आणि कागद सुभेदाराच्या पायांशी ठेवला.

"सरकार, ही माफी परत घ्या."

सुभेदाराच्या कपाळाला आठी पडली. आजवर माफी मागायला पुष्कळ आले होते, परत करायला कोणी आलं नव्हतं. "कृतघ्न आहेस की वेडा आहेस?" तो म्हणाला.

"दोन्ही नाही, सरकार. मला शिक्षा झाली तेव्हा तुमच्या आधीच्या सुभेदारांनी बारा गावांत दवंडी पिटली. हात बांधून मला हलगीवाल्याच्या शेजारी उभं केलं. पोराटोरांनीही ऐकलं, की येसबाच्या नावेत बसू नका. आणि माफी झाली तेव्हा? ती तुम्ही माझ्या एकट्याच्या कानात सांगितलीत. मी सुधारलोय हे मला आधीच ठाऊक होतं, सरकार. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना कोणी सांगितलं?"

सुभेदारानं चिटणीसाकडे पाहिलं. "आजवर आपण किती जणांना माफी दिली?"

"एकशे बारा," चिटणीस अभिमानानं म्हणाला.

"त्यांतले किती जण आपल्या धंद्याला लागले?"

चिटणीस घुटमळला. "ते आपण कधी विचारलं नाही, सरकार."

दर दसऱ्याला जेवलेले ते दोन जास्तीचे घास सुभेदाराला आता आठवत असावेत. मग त्यानं एकशे बारा जणांची यादी काढायला सांगितलं आणि दवंडीवाल्याला बोलावणं पाठवलं. दवंडीवाला म्हातारा होता. माफीची दवंडी पिटायचा हुकूम ऐकून तो गोंधळला.

"सरकार, गुन्ह्याचा ठेका मला येतो. लिलावाचा येतो, हरवलेल्या गुराचा येतो. माफीचा ठेका कसा असतो? माझ्या बापानंही तो कधी वाजवला नाही."

"काहीतरी हलका, मंगल ठेका बसवावा," चिटणीसानं सुचवलं.

"नको," येसबा एकदम बोलून गेला. "तोच वाजवा, गुन्ह्याचा. तो ऐकला की बाया चुलीवरची भाकरी टाकून धावत येतात. मंगल ठेक्याला कोण येणार आहे?"

सुभेदारानं मान हलवली. "खरं आहे. पण येसबा, मग तुलाही पुन्हा बाराही गावांत हलगीशेजारी उभं राहावं लागेल. जमेल?"

त्या चावड्या, त्या नजरा, अंगावर आलेलं ते शेण, सगळं येसबाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण पाडवा आठ दिवसांवर होता.

"जमवतो," तो म्हणाला.

पहिल्याच गावात हलगी कडाडली तशी घरंच्या घरं बाहेर पडली. "कोण सापडलं? काय केलंन?" लोकांच्या डोळ्यांत चमक होती. दवंडीवाल्यानं हलगी थांबवली आणि जेवढा आवाज गळ्यात होता तेवढा काढून तो ओरडला, "ऐका हो ऐका! येसबा नावाड्याला सरकारची माफी झाली हो! त्याच्या हातावरची बंदी उठली हो! ज्याचा पाय गेला त्या विणकरानं अंगठा दिला हो!"

काही जणांचा हिरमोड झाला. ते चेहरा पाडून घरात गेले. पण पुष्कळ जण उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं येसबाला जवळून न्याहाळलं आणि विचारलं, "म्हणजे तू तोच का? केस पिकले की रे तुझे." एवढंच बोलून त्यानं येसबाला प्यायला पाणी दिलं. अशी बारा गावं झाली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी येसबा पलीकडच्या काठाला नाव लावून बसला होता. सकाळ अशीच गेली. मग गावाच्या वाटेनं एक ताकवाली बाई धापा टाकत आली, डोक्यावरचा माठ तिनं धाडदिशी नावेत ठेवला आणि स्वतःही चढून बसली. येसबा तिच्याकडे पाहतच राहिला.

"बघतोस काय माझ्या तोंडाकडे? हाण की नाव!" ती खेकसली. "बाजार उठल्यावर हे ताक काय तुझ्या डोक्यावर ओतू?"

"मावशी, मी येसबा," तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे मला. तीन दिवस कान किटलेत त्या हलगीनं. आणि रडतोस कशाला रे? पलीकडे पोचव आधी, मग रड हवं तेवढं!"

येसबानं वल्हं पाण्यात घातलं. वीस वर्षांत त्याच्याशी कोणी इतकं साधं, इतकं खडसावून बोललं नव्हतं. त्याच्या नावेत बसलेली पहिली बाई अख्खा प्रवास त्याला शिव्या घालत होती आणि त्याला ते ऐकून पोट भरल्यासारखं वाटत होतं. घाट त्याचाच राहिला.

पुढे सुभेदारानं एकशे बारांपैकी प्रत्येकाची दवंडी पिटवली. त्यांतले नऊ जण तोवर वारले होते. त्यांची दवंडी त्यांच्या मुलाबाळांच्या दारात पिटली आणि तेव्हा सुभेदार स्वतः जाऊन उन्हात उभा राहिला.

बोध : माणसाचा गुन्हा ज्या आवाजात जगाला सांगितला, त्याच आवाजात त्याची माफीही जगाला सांगावी, नाहीतर शिक्षा संपते, पण सुटका होत नाही.