सगुणाचा छोटा कोर्स

मालवणच्या बाजूला एका गावात सगुण नावाचा एक भोळा पोरगा होता. भोळा म्हणजे सांगाल तेच करायचा. वडीलधाऱ्यांना अशी पोरं फार आवडतात.

त्याच्या बाबांच्या होडीचं इंजिन समुद्रात पडलं आणि खोल एका कपारीवर अडकलं. होडी किनाऱ्यावर, चूल थंड. सगुण खोल डायव्हिंग शिकायला मेंडिस सरांकडे गेला. सरांकडे दोन कोर्स. छोटा कपारीपर्यंतचा, मोठा तिच्याखालच्या दरीपर्यंतचा.

"कुठला घेऊ, सर?"

"काम जिथं, तिथवरचा. तुझं इंजिन कपारीवर आहे. छोटा पुरे."

पण घरात भिकाकाका होते. ते जन्मात गुडघ्याच्या वर भिजले नव्हते, त्यामुळे समुद्रातलं सगळं त्यांना ठाऊक होतं. "छोटो कित्या? मोठोच घे! घराण्याचो मान हा!"

सगुण गोंधळला. सर म्हणाले, "आधी सवयी शीक. खोलातून वर येताना घाई नाही. थोडं वर यायचं, थांबायचं. नाहीतर रक्तात बुडबुडे होतात."

दुसऱ्या दिवशी काका गड्याला पंप शिकवताना विहिरीत पडले. सगुणानं दोर टाकला. थोडं ओढलं, थांबला.

"ओढ मरे माका!"

"थांबा काका. बुडबुडे होतील."

दुपारपर्यंत काका अधांतरी.

हे कळल्यावर सर ओरडले, "अरे, ते समुद्रात! समुद्राबाहेर कुणी अडकलं तर ताबडतोब सोडवायचं!"

काकांना सर्दी झाली. घोंगडी पांघरून ते वाफ घेत बसले. सगुणानं बघितलं, आत कुणीतरी अडकून खोकतंय! त्यानं घोंगडी खेचली. गरम पातेलं काकांच्या पायावर.

सरांनी कपाळाला हात लावला. "घाई करू नकोस रे! आधी जागची न हलणारी वस्तू बघ, तिला दोर बांध, मग पुढचं. उद्या इंजिन मीच बांधतो. तू वरचं टोक सांभाळ. जमलं तर छोट्या कोर्सला घेतो."

शेजाऱ्यांच्या होडीतून सगळे निघाले. काका लाइफ जॅकेट घालून टोकाला बसले आणि हुकूम सोडू लागले. सर दोर घेऊन खाली गेले. सगुण जागची न हलणारी वस्तू शोधू लागला. होडी डुलत होती. वल्ही हलत होती. घराला आग लागली तरी भिकाकाका जागचे हलायचे नाहीत, असं आई रोज म्हणायची. सगुणानं दोर काकांच्या कमरेला बांधला. हुकमांच्या नादात काकांना कळलंही नाही.

खाली सरांनी इंजिन बांधलं आणि दोराला हिसका दिला. काका गेले पाण्यात.

दोराचं उरलेलं टोक होडीतच होतं, बाबा आणि शेजारी ते ओढू लागले. पुढं काका, मागं इंजिन. काका अर्धे वर आले तेवढ्यात सगुणानं दोरावर पाय दिला.

"थांबा! हा समुद्र आहे. बुडबुडे!"

बाबांनी त्याला ढकललं आणि काकांना कसंबसं आत घेतलं. पण खाली इंजिन लोंबकळत होतं, काका होडीच्या काठाला चिकटून आवळले गेले होते.

"मेलंय रे! अडाकलंय!"

काका आता समुद्राबाहेर होते. सगुणानं ताबडतोब सुरी घेतली आणि दोर कापला.

इंजिन गेलं. कपारीला आपटलं आणि थेट दरीत.

जरा वेळानं सर वर आले. "इंजिन कुठाय?"

सगुणाचा चेहरा उजळला. "सर, काकांचंच बरोबर होतं. मोठाच कोर्स घ्यायला हवा!"