जुईची वही आणि बाबांची पट्टी

"पण बाबा, पोरगी दिवसभर करते तरी काय?"

प्रतिभा सिस्टरनं विचारलं. मुराद फकिरांनी नुसता उजवा पाय पुढं केला. लोबानाचा निखारा पावलावर पडला होता. आणि शहाण्या भक्तांनी त्यावर टूथपेस्ट फासली होती.

ती ड्यूटी संपवून पट्टी बदलायला दर्ग्यात आली होती. दवाखान्यात तिचा असा दरारा की डॉक्टरसुद्धा तिला विचारून शिंकायचे. घरी मात्र चौदा वर्षांच्या जुईपायी तिची बीपीची गोळी वाढली होती.

जुईला शाळेच्या नुसत्या नावानं उलट्या व्हायच्या. म्हणून जूनमध्ये तिला शाळेतून काढलं. घरीच राहायचं, आपल्या मनानं शिकायचं. असं करणाऱ्या आयांचे व्हिडिओ प्रतिभानं पाहिले होते. त्या आया दिवसभर घरीच असतात, हे मात्र व्हिडिओत कुणी बोललं नव्हतं. प्रतिभाला नवरा नव्हता, आणि ड्यूटी होती.

मग तिनं जुईला एक वही दिली. रोज काय शिकलीस ते वेळेसकट लिहायचं. शिवाय दिवसातून चार फोन. जेवणाच्या सुट्टीत अचानक घरी धाड. टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायचं, गरम आहे का.

"थंडच असतो," प्रतिभा म्हणाली. "म्हणजे मोबाइल बघते."

बाबांनी तिनं सोबत आणलेली वही उघडली. नऊ ते दहा, भूमिती. दहा ते अकरा, इतिहास. पानंच्या पानं, आणि एक खाडाखोड नाही.

"एका बैठकीत लिहिलंय सगळं," प्रतिभा म्हणाली. " मला काय कळत नाही होय?"

"पोरगी शिकली की गं."

"काय शिकली?"

"साहेबाला पाहिजे ते लिहून द्यायला. शाळेत याला दहा वर्षं लागतात."

प्रतिभाला हसू आलं नाही. मुख्याध्यापकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. फॉर्म भरला तर जुई पुन्हा नववीत, नाहीतर वर्ष गेलं. फॉर्म तिच्या पर्समध्येच होता. सकाळी तो बघितल्यापासून जुईच्या पोटात घास टिकला नव्हता. का तेही नाटकच?

आणि हा म्हातारा तरी... चेष्टा करतोय की काय आपली?

तिनं मुकाट्यानं जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. गाठ मारली न मारली, तोच बाबा वाकून ती सोडायला लागले.

"अहो, हे काय?"

"बघतो, भरली का."

"आत्ता तर बांधली!"

"म्हणूनच बघतो. आत काय चाललंय कुणास ठाऊक. तुझी पाठ वळली की जखम नुसती लोळत पडायची."

प्रतिभानं वॉर्डातल्या पेशंटला द्यावी तशी सण्णकन त्यांच्या हातावर चापट दिली. फकिराला! दारातल्या फुलवाल्याच्या हातातला हार खाली पडला.

"हात लावायचा नाही! सारखी उघडली की चिघळते."

"आणि आतल्या आत सडली तर?"

"ठणका लागतो. वास येतो, ताप येतो. कळतं, बाबा. वीस वर्षं हेच करतेय मी."

"मग उघडायचीच नाही म्हण."

"असं कोण म्हणतंय? उघडायची ना. पुढच्या गुरुवारी येईन, तेव्हा उघडीन."

बाबांनी डोळे मिटले.

...

फुलवाल्यानं हार उचलला, झटकला, पुन्हा विकायला ठेवला.

...

शेवटी तिनंच फॉर्म बाहेर काढला. घड्या घालून घालून तो फडक्यासारखा मऊ झाला होता.

"बाबा, याचं काय करू ते सांगा. ही पोर हातची गेली, तर दुसरं कुणी नाही मला."

बाबांनी एक डोळा उघडला.

"बेटी, तुझ्या घरी रोजच गुरुवार असतो का गं?"