मुकादम बदलताना

“जुना मुकादम कुठंय?”

“काढला, चाचा.”

“बंद केलास, की काढून टाकलास?”

“काढून टाकला... जागा कमी पडत होती.”

दस्तगीर मुजावर दारातच थांबले. मग चपला काढून आत आले.

आमच्या गावच्या कॅन्सर हॉस्पिटलात मी यूपीएसच्या बॅटऱ्या पुरवतो. त्या रविवारी सकाळी दोन बॅटऱ्या बदलायला सर्व्हर-रूममध्ये गेलो होतो, म्हणून हे कानावर पडलं.

आधी मुकादम कोण ते सांगतो. तिथं लोखंडी सर्व्हर सहा, आणि त्यांच्या पोटात सॉफ्टवेअरची ऐंशी मशीनं. कुणी औषधांचं, कुणी एक्स-रेचं, कुणी लॅबचं. या ऐंशींना उठवणारं, झोपवणारं, त्यांच्या कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारं सगळ्यांच्या वर एक सॉफ्टवेअर. त्यालाच तिथं मुकादम म्हणत. मुजावरचाचांनी तो बारा वर्षं सांभाळला आणि निवृत्त झाले. त्यांच्या जागी अभिराम तगारे आला. पोरगा हुशार. भिंतीवर चार सर्टिफिकिटं, फ्रेम करून. चाचांनी कामाची रीत लिहून दिलेली वही त्यानं पहिल्याच आठवड्यात कपाटात टाकली होती.

“आता सगळं स्क्रीनवर लिहून येतं, चाचा,” असं वर म्हणाला होता.

त्या सकाळी त्यानं मुकादमाची नवी आवृत्ती चढवली. आणि दहा वाजता चाचांच्या घरी फोन केला.

“मग? स्क्रीनवर काय लिहून आलं, इंजिनिअरसाहेब?”

“हिरवी टिक आली.”

“कितव्या टप्प्याची?”

“...पहिल्या.”

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नव्या दुकानात माल लागल्याशिवाय जुन्याची चावी मालकाला द्यायची नाही. माझ्या मेहुण्यानं नव्या दुकानाची पाटी रंगवून झालेली पाहिली आणि त्याच आनंदात जुनी चावी देऊन टाकली. आत कापडाचे चाळीस गठ्ठे! पण तिथं निदान मालकाच्या पाया पडता आलं.

“दुसऱ्या टप्प्यात काय होतं?” चाचांनी विचारलं.

“जुन्यातलं सगळं नव्यात येतं.”

“किती आलं?”

“तो टप्पा सुरूच केला नव्हता.”

“बाकीची मशीनं?”

“चालू आहेत, ती आधीच उघडलेली होती. कुणाला पत्तासुद्धा नाही. फक्त लॅबचं... ते मी खबरदारी म्हणून बंद ठेवलं होतं. पंधरा वर्षांचे बायोप्सीचे रिपोर्ट त्यात. म्हटलं, धक्का नको. आता ते उठत नाही. किल्ली मागतंय.”

“किल्लीची प्रत बाहेर काढली होतीस?”

“काढणार होतो.”

“बॅकअप?”

“आहे ना! कालचाच आहे, पूर्ण आहे.”

“त्याला कुलूप कुठलं?”

“...तेच.”

“आणि जुना मुकादम होता त्या जागेवर आता काय?”

“नव्याला दिली ती. लगेच. जुन्यावर लिहूनही झालं.”

चाचांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला. दीड तास नुसता कीबोर्डचा आवाज. तगारे मागं उभा. एकदा त्यानं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

मग चाचांनी चष्मा उतरवला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि खिशात ठेवला.

तगारे त्या खिशाकडेच बघत राहिला.

“मिळेल ना, चाचा? सगळं जागेवर आहे. मी तीनदा तपासलं. एक अक्षर पुसलेलं नाही.”

“नाही पुसलेलं.”

“मग?”

“पुसलेलं एखाद वेळेस परत मिळतं, पोरा. किल्ली हरवलेलं नाही.”

तगारे खाली फरशीवरच बसला.

“दोन दिवस कुणाला सांगू नका. मी कंपनीला विचारतो.”

“विचार. जरूर विचार. तेही हेच सांगतील, फक्त इंग्रजीत.”

हसू कुणालाच आलं नाही. खुद्द चाचांनाही नाही.

“कागदावरचे रिपोर्ट?” तगारेनं विचारलं.

“पाच वर्षांपूर्वी कागद बंद केला. जुने रद्दीत गेले,” चाचा म्हणाले.

“माणसं किती आहेत त्या लॅबच्या मशीनात?” पुढं त्यांनीच विचारलं.

“अकरा हजार... साधारण.”

“त्यातली आत्ता कुणाकुणाची ट्रीटमेंट चालू आहे, त्यांची यादी काढ. आधी त्यांना कळवू.”

तगारेनं मान वर केली.

“यादी... त्यातच आहे, चाचा. बाकीच्या मशीनांत नुसते नंबर.”

माझ्या हातात पाना होता. नट आवळायचा राहिला होता. मी आवळला नाही.



“मग कुणाचं गेलं, हे कळायचं कसं?” तगारेनं विचारलं.

“येतील. जुना रिपोर्ट मागायला येतीलच. उद्यापासून लॅबच्या खिडकीवर तू बस.”

“मी? काय सांगू त्यांना?”

चाचा उठले. दाराशी जाऊन चपला पायात सरकवू लागले.

“किती दिवस, चाचा?”

“येणारे संपेपर्यंत.”