इनासमास्तरांची धून

"पण ती शांतता, मास्तर? ती तुम्हांला कुणी शिकवली?"

इनासमास्तरांनी कपाळाला आठी घातली.

उशांना टेकून ते पलंगावर बसले होते. नाकात नळी होती आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. खिडकीबाहेर केळीची वाडी, वाडीच्या कडेला विहीर. ऊन कलायला लागलं होतं.

अवधूत चुरीने खुर्ची पलंगाजवळ ओढली. त्याला उत्तर हवंच होतं. त्याच्या कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती आणि तिच्या प्रस्तावनेत नेमकी हीच जागा कोरी राहिली होती.

"कुठली... शांतता?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या धुनेतली. चार सूर यायचे आणि मग काहीच नाही. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. आता पुढे काही येत नाही असं वाटायला लागलं की हळूच एक सूर यायचा. लोक मला विचारतात मास्तर, ही जागा तुला कुठे सापडली? मी तुमचं नाव सांगतो. पण तुम्हांला ती कुठे सापडली?"

मास्तर खिडकीकडे बघत राहिले.

इनास मच्याडो मूळचे इथलेच, वसईचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत ते जॅझ वाजवायचे. काळा कोट, गळ्याला बो आणि हातात ट्रम्पेट. मग हॉटेलांतला नाच बंद पडला, बँड मोडले. काहीजण सिनेमाच्या स्टुडिओत गेले, काहीजण दारूत. मास्तर गावी परतले आणि वाडी शिंपू लागले. बायको गेल्यावर तर ते गाव सोडून कुठे गेलेच नाहीत.

कॉलेजात असताना अवधूत त्यांच्याकडे शिकायला यायचा. सकाळी विहिरीपाशी तो दगडावर बसायचा आणि मास्तर उभे राहून वाजवायचे. शेवटी नेहमी त्यांची स्वतःची एक धून. तिला नाव नव्हतं. तुटक, थांबत थांबत जाणारी, काळीज कुरतडणारी धून.

अवधूत वादक झाला नाही, लेखक झाला. पण ती धून त्याच्या हातात उतरली. त्याने एका वादकाची कादंबरी लिहिली, तीही तशाच वाक्यांत. दोन शब्द, मग खंड. अर्धं वाक्य, मग कोरी जागा. समीक्षकांनी लिहिलं, मराठी गद्यात जॅझ उतरला. नवी मुलं तसंच लिहू लागली. कुठलंही मासिक उघडावं तर अर्धी वाक्यं आणि टिंबं.

गावोगावी त्याची व्याख्यानं व्हायला लागली. स्टेजवर तो ट्रम्पेट घेऊन जायचा. बोलून झालं की मास्तरांची धून वाजवायचा, आणि सभागृहात कुणी खोकतसुद्धा नसे.

तेच व्याख्यान आज तो मास्तरांना थोडक्यात सांगत होता.

"मी सांगतो लोकांना, की शेतात राबणाऱ्या गुलामांच्या हुंदक्यांतून हे संगीत निघालं. ते शहरांत गेलं, समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं. कवींच्या ओळी त्याने मोडल्या, कादंबऱ्यांना ठेका दिला. लोकांचं चालणं, बोलणं, कपडे घालणं बदललं. माझं शेवटचं वाक्य असं आहे बघा. जॅझने गद्याचा श्वास बदलला."

"काय... बदललं?"

"श्वास, मास्तर."

मास्तर हसले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि खोकला थांबेना. फिलू, त्यांची मुलगी, आतून पाणी घेऊन आली. तिने त्यांची पाठ चोळली, मशीनचा काटा बघितला.

"फार बोलायला लावू नकोस रे," ती अवधूतला म्हणाली आणि परत स्वयंपाकघरात गेली.

मास्तरांनी डोळे पुसले. अवधूतच्या पायाशी ठेवलेल्या पेटीकडे बोट केलं.

"वाजव."

अवधूत मनातून सुखावला. याचसाठी तर त्याने पेटी गाडीतून आत आणली होती. त्याने ट्रम्पेट काढलं, माऊथपीस बसवला, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

चार सूर वाजवले आणि थांबला.

किती थांबायचं हे त्याच्या अंगात भिनलं होतं. मोजावं लागत नव्हतं. मग एक सूर, लांबवलेला, काठावर थरथरणारा. पुन्हा थांबला. मग दोन. मग फार मोठी शांतता. या जागी सभागृहात लोक पुढे झुकायचे.

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

फिलू दारात येऊन उभी राहिली. हात पिठाने माखलेले, चेहरा पांढरा पडलेला. तिने आधी वडलांकडे बघितलं. ते बसलेले होते, श्वास घेत होते. मग ती अवधूतकडे वळली.

"बंद कर ते."

"काय झालं, फिलूताई?"

"असं का वाजवतोस तू?"

"असंच आहे ते. मास्तर असंच वाजवायचे."

"वाजवायचे!" तिचा आवाज फाटला. "आत्ता थांबलास ना, या जागी ते विहिरीचा कठडा धरायचे. दोन्ही हातांनी. ओठ निळे पडायचे. मी या खिडकीतून बघायची. आज पडतात की उद्या, एवढंच बघायची. आणि तू समोर बसलेला असायचास... डोळे मिटून!"

अवधूतच्या हातातलं ट्रम्पेट खाली आलं.

त्याला ती सकाळ आठवली. एकच नाही, सगळ्याच. मिटलेल्या डोळ्यांमागचा तांबूस उजेड. सूर थांबल्यावर ऐकू येणारी बारीक शीळ. केळीच्या पानांतून वारा वाहतोय असं त्याला वाटायचं. कादंबरीत त्याने लिहिलंही होतं, सुरांच्या मधल्या जागेतून वारा वाहतो.

तो वारा नव्हता.

"पण डोळे मिटायला..." तो मास्तरांकडे वळला. "डोळे मिटायला तुम्हीच सांगितलं होतंत. जॅझ डोळे मिटून ऐकायचा असतो, असं म्हणाला होतात. ते वाक्य मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर घातलंय."

मास्तरांनी मान हलवली.

"हो. मीच... सांगितलं."

"का?"

"तू बघू नयेस... म्हणून."

फिलू तिथेच चौकटीला टेकली. रागाचा जोर ओसरून ती आता नुसती थकलेली दिसत होती.

"डॉक्टरला का नाही दाखवलंत तेव्हा?" अवधूतने विचारलं.

"दाखवलं. म्हणाला... फुंकायचं बंद."

"मग?"

"मग तू... आला नसतास."

अवधूत खुर्चीत बसला. ट्रम्पेट मांडीवर आडवं पडलं. त्याला हसू यायला लागलं आणि ते कुठल्या बाजूचं हसू आहे हे त्याचं त्यालाच कळेना.

"माझ्यामागून लिहिणारी ती सगळी मुलं, मास्तर..." तो म्हणाला. "ती सगळी तुमच्या दम्यावर लिहितात."

मास्तर पुन्हा हसले, पण या वेळी जपून.

"वाईट... लिहितात?"

"चांगलं लिहितात. तेच तर..." त्याने मांडीवरच्या ट्रम्पेटकडे बघितलं.

मग त्याने मान वर केली.

"मला आख्खी धून माहीतच नाही. मधलं काहीच माहीत नाही. हॉटेलात वाजवायचात तेव्हा कशी होती ती?"

मास्तरांनी पलंगावर शेजारी थोपटलं. "इकडे... बस."

अवधूत उठून त्यांच्याजवळ बसला. मास्तरांनी ट्रम्पेट त्याच्या ओठांपाशी नेलं. त्याची बोटं बटणांवरून बाजूला केली आणि तिथे स्वतःची तीन बोटं ठेवली. वाळलेली, नखं पिवळी पडलेली, पण बटणांवर टेकताच ती ताठ झाली. डावा हात त्यांनी अवधूतच्या पाठीवर ठेवला.

"हात दाबला... की वर जा. ढिला सोडला... की खाली ये."

"आणि थांबायचं कुठे?"

"नाही... थांबायचं."

अवधूतने छाती भरून घेतली आणि फुंकलं.

ते चार सूर आले. त्याच्या ओळखीचे. पण पाचवा त्यांच्या पाठोपाठच आला, सहावा त्याच्या अंगावर आदळला, आणि मास्तरांची बोटं धावायला लागली. पाठीवरचा हात दाबत होता, सोडत होता. अवधूत फुंकत होता. आपल्याच तोंडातून काय निघतंय हे त्याला कळत नव्हतं. दोनदा सूर फाटला. बोटं थांबली नाहीत.

मग त्याला ते ऐकू आलं.

ती शोकाची धून नव्हतीच. नाचाची होती. गिरकी घेणारी, मधेच उडी मारून परत तालावर पडणारी, लाडीक, खोडकर धून. ज्या जागांसमोर सभागृहं गप्प व्हायची त्या जागा सुरांनी खच्चून भरलेल्या होत्या.

दारातून हुंदका आला.

"ही तर आईची," फिलू म्हणाली. "पपा, ही आईची. हातातलं काम टाकून ती यावर नाचायची. मला वाटायचं मीच विसरले... नंतर कधी ऐकलीच नाही."

अवधूतचा श्वास संपला. त्याने ट्रम्पेट ओठांवरून काढलं आणि धापा टाकत राहिला.

मास्तरांची बोटं चालूच होती. सूर नव्हता, नुसती बटणं खालीवर होत होती. खट... खट, खट... खट. धून जिथे संपायची तिथपर्यंत ती गेली आणि मग अलगद उचलली गेली.

फिलू पुढे आली. वडलांच्या नाकातली नळी सरकली होती, ती तिने नीट केली. त्यांच्या गालावर तिच्या हाताचं पीठ लागलं. तिने ते पुसलं नाही.

पुढे नाताळचे कंदील लागायच्या आत मास्तर गेले. अवधूतने ती आख्खी धून पुन्हा कधी ऐकली नाही, आणि एकट्याने वाजवायला बसला तर त्याची बोटं मधेच वाट चुकायची. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तो बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून होता. वाडीत सावल्या लांबल्या. फिलूने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

शेवटी त्याने ट्रम्पेट पेटीत ठेवलं.

"मी दुरुस्त करतो हे, मास्तर," तो म्हणाला. "पहिल्या पानावरचं ते वाक्य काढून टाकतो. प्रस्तावनेत खरं काय ते लिहितो. ती कला नव्हती, शांतता नव्हती, काही नव्हतं. एका आजारी माणसाला दम पुरत नव्हता, म्हणून तो थांबत होता. आणि मी मूर्खासारखा ऐकत होतो."

मास्तरांनी डोळे मिटले होते. ते झोपले असं त्याला वाटलं. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

तो उठला. वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"अवधूत..."

"मास्तर?"

"लिही. थांबायचो ते... दम नव्हता म्हणून."

त्यांनी एक श्वास घेतला. तो पुरेना म्हणून आणखी एक घेतला.

"आणि जमलं तर... परत सुरू का करायचो... ते लिही."